पुरंदरच्या पायथ्याची सातवी: वेगवेगळ्या तासिकांत शिकलेले एकत्र कसे आले, याचा प्रकरण अभ्यास

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, किल्ल्याच्या उत्तरेकडील वाड्यावस्त्यांतली मुले ज्या जिल्हा परिषद शाळेत येतात, तिथल्या सातवीच्या वर्गाचे २०२२-२३ हे शैक्षणिक वर्ष या लेखाचा विषय आहे. त्या वर्षी शैक्षणिक साहाय्याच्या कामानिमित्त माझे या शाळेत वारंवार जाणे होत असे. शाळेचे आणि शिक्षकांचे नाव येथे दिलेले नाही, कारण जे घडले ते त्या शाळेपुरते नाही.

वर्ग आणि अभ्यासक्रम

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा मानला असून त्यासाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापनाची अपेक्षा ठेवली आहे. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तीन गटांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, हेही त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. या शाळेत नेमके तीनच पदवीधर शिक्षक आहेत, म्हणजे एका गटाचा सगळा भार तिन्ही इयत्तांसाठी एकाच व्यक्तीवर आहे.

बालभारतीने २०१७ साली काढलेली सातवीची पुस्तके समोर ठेवली, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडून वर्षभरात किती अपेक्षा आहेत ते कळते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषा आहेत. गणितात पूर्णांक आणि परिमेय संख्या, घातांक, बैजिक राशी, समप्रमाण व व्यस्तप्रमाण, सरळव्याज, वर्तुळ, पायथागोरसचा सिद्धांत आहे. सामान्य विज्ञानात सजीवांचे वर्गीकरण, पोषण, भौतिक राशींचे मापन, बल आणि कार्य, स्थितिक विद्युत, उष्णता असे घटक येतात. इतिहासात शिवपूर्वकाळापासून मराठी सत्तेच्या विस्तारापर्यंतचा पट आहे, नागरिकशास्त्रात संविधानाची उद्देशिका, मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि भूगोलात ऋतुनिर्मिती, भरती-ओहोटी, हवेचा दाब, वारे, मृदा, कृषी यांपासून समोच्चता दर्शक नकाशापर्यंतचा प्रवास आहे. शिवाय कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण आहेच. ही पुस्तके मला मनापासून चांगली वाटतात. त्यांतली प्रत्येक गोष्ट मुलांना कळण्याजोगी आहे आणि शिकवण्याजोगीही.

या वर्गाची एक जास्तीची अडचण होती. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुले चौथीत होती. पाचवीचे वर्ष घरी आणि सहावीचा मोठा भाग अधूनमधून भरलेल्या वर्गांत गेला. जूनमध्ये सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तांची उजळणी, घेऊनही भागाकारात अडखळणारी मुले वर्गात होती, आणि पाठ्यपुस्तकाचा वेग त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

अडचण कुठे दिसली

डिसेंबरच्या सुरुवातीला गणिताच्या शिक्षकांनी समप्रमाण व व्यस्तप्रमाणाच्या घटकावर चाचणी घेतली आणि निकाल समाधानकारक आला. पाच वह्यांची किंमत दिली असता बारा वह्यांची किंमत काढणे, इतक्या मजुरांना इतके दिवस लागले तर तितक्यांना किती, अशी उदाहरणे बहुतेकांनी सोडवली. पुढच्याच आठवड्यात सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांनी नकाशावाचनाच्या सरावासाठी एक प्रश्न दिला: १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन ठिकाणांतील अंतर ४ सेंटिमीटर आहे, तर प्रत्यक्षातले अंतर किती? उत्तर २ किलोमीटर आहे, आणि ते काढायला समप्रमाणापलीकडे काहीही लागत नाही. वर्गातल्या मोजक्याच मुलांना ते आले. गणिताच्या चाचणीत सगळी उदाहरणे बरोबर सोडवलेली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, हे आम्हाला अजून शिकवलं नाही."

ती खोटे बोलत नव्हती. तिच्या दृष्टीने भूगोलाच्या तासिकेत हे शिकवलेले नव्हतेच.

शिक्षकांना यानंतर सप्टेंबरमधला एक प्रसंग आठवला. इतिहासात १६६५ सालच्या पुरंदरच्या वेढ्याचा भाग चालू असताना त्यांनी विचारले होते की, मोगल सरदार दिलेरखानाने पुरंदरच्या आधी वज्रगड घेण्याचा प्रयत्न का केला असावा. मुलांनी पुस्तकातली वाक्ये जशीच्या तशी म्हणून दाखवली. वर्गाच्या खिडकीतून पुरंदर आणि वज्रगड ही दोन्ही शिखरे आणि त्यांच्या मधली भैरवखिंड दिसते, तरीही उत्तर देताना एकाही मुलाने खिडकीबाहेर पाहिले नाही. त्या वेळी हा प्रसंग विस्मरणात गेला होता. नकाशाच्या प्रश्नानंतर त्याचा अर्थ लागला.

मुलांना विषय येत नाहीत असे इथे म्हणता येत नाही, कारण घटक चाचण्यांच्या गुणांतून तसे दिसत नव्हते. एका तासिकेत मिळालेले ज्ञान पुढच्या तासिकेत आपल्या उपयोगाचे आहे, ही जाणीवच त्यांना कोणी दिलेली नव्हती. माझ्या मते उच्च प्राथमिक टप्प्यावरचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते. पाचवीपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच शिक्षक सगळे शिकवतात आणि नकळत धागे जोडले जातात. सहावीत विषयवार शिक्षक येतात आणि ते जोडण्याचे काम कोणाचेच राहत नाही.

पुस्तके शेजारी शेजारी ठेवल्यावर

नाताळच्या सुट्टीआधी एका शनिवारी शाळा सुटल्यावर तिघे शिक्षक आणि मी सातवीची सगळी पुस्तके आणि वार्षिक नियोजन घेऊन बसलो. प्रत्येकाने आपापला विषय अनेक वर्षे शिकवलेला होता, पण दुसऱ्याच्या पुस्तकाची अनुक्रमणिका एकानेही नीट पाहिलेली नव्हती.

जे दिसले ते असे. पुरंदरचा वेढा ज्या पाठात आहे, तो पहिल्या सत्रात शिकवून होतो. तो समजायला ज्या समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, उपयोगी पडतील, त्यांचा पाठ भूगोलात अगदी शेवटचा आहे, म्हणजे फेब्रुवारी-मार्चचा. नकाशाच्या प्रमाणासाठी लागणारे समप्रमाण गणिताच्या दुसऱ्या विभागात येते. विज्ञानात नैसर्गिक संसाधनांच्या पाठात मृदा जुलैतच शिकवली जाते आणि भूगोलात तीच मृदा दिवाळीनंतर पुन्हा नव्याने सुरू होते. जोडस्तंभालेख पहिल्या सत्रात शिकवले जातात, पण तेव्हा मुलांच्या हातात स्वतः गोळा केलेली आकडेवारी नसते, म्हणून काल्पनिक गावांच्या काल्पनिक उत्पादनांचे स्तंभ काढले जातात.

भाषेचा प्रश्नही होता, आणि तो वगळून चालणार नाही. या शाळेत सेमी इंग्रजी असल्यामुळे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून चालतात, तर इतिहास आणि भूगोल मराठीतून. गणितात इंग्रजी नावाने ओळखलेली संकल्पना भूगोलात मराठी नावाने समोर आली, तेव्हा ती वेगळीच वाटणे स्वाभाविक होते. पालकांनी सेमीचा आग्रह धरण्यामागची कारणे मला कळतात, पण या निर्णयाची ही किंमत त्यांच्यापुढे कोणी मांडत नाही. शिक्षकांनी एवढेच ठरवले की, दोन्ही पुस्तकांत येणाऱ्या संकल्पनांची दोन्ही नावे फळ्याच्या एका कडेला कायम लिहिलेली राहतील.

पाठ्यपुस्तके बदलणे आपल्या हातात नसते, परंतु पाठांचा क्रम बऱ्याच अंशी असतो. समोच्च रेषांचा पाठ जानेवारीत आणायचा, सरळव्याज त्याच महिन्यात घ्यायचे आणि जूनपासून भिंतीवर लटकत असलेल्या सावलीच्या नोंदी खाली काढायच्या, असे ठरले.

सावलीच्या नोंदी

सातवीच्या भूगोलात ऋतुनिर्मितीचे दोन पाठ आहेत. पहिला वर्षाच्या आरंभी येतो आणि मुलांना निरीक्षणे नोंदवायला लावतो. दुसरा मधले अनेक पाठ झाल्यावर येतो आणि त्या निरीक्षणांमागची कारणे सांगतो. ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे, आणि बहुसंख्य शाळांत ती वाया जाते, कारण जूनच्या नोंदी डिसेंबरपर्यंत टिकत नाहीत.

या शाळेत त्या टिकल्या होत्या. मुलांनी मैदानात एक मीटर उंचीची काठी रोवून दुपारी बरोबर बारा वाजता सावली मोजली होती, आणि दिनदर्शिकेतून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा उतरवल्या होत्या. जूनच्या नोंदीत एक गोष्ट विचित्र होती: सावली पश्चिमेकडे आणि थोडी दक्षिणेकडे पडली होती. ऑगस्टपासून ती उत्तरेकडे झुकू लागली होती. नोंद करताना काहीतरी चुकले असणार, असे मुलांनी गृहीत धरले होते आणि त्यावर कोणीही काही विचारले नव्हते.

२२ डिसेंबरला पुन्हा काठी रोवली. या वेळी सव्वाबारा ते एकच्या दरम्यान दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक जमिनीवर खुणेने दाखवले. सर्वांत लहान सावली बारा वाजता पडलीच नाही. ती साडेबाराच्या जरा पुढे पडली, लांबी ९० सेंटिमीटरच्या आसपास होती आणि दिशा नेमकी उत्तर होती. गणिताच्या शिक्षकांनी इथे सूत्रे हाती घेतली. पृथ्वीला ३६० अंश फिरायला २४ तास लागतात, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि आपण जवळजवळ ७४ अंशांवर आहोत. फरक साडेआठ अंशांचा, म्हणून वेळेचा फरक ३४ मिनिटांचा. हे उदाहरण मुलांनी स्वतः सोडवले आणि उत्तर जमिनीवरच्या खुणेशी ताडून पाहिले. मैदानात घडलेली गोष्ट वहीतल्या समप्रमाणातून निघते, हे त्या वर्गाने पहिल्यांदाच पाहिले.

मग जूनची सावली दक्षिणेकडे का, या प्रश्नाला तोंड फुटले. पुरंदर तालुका कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सव्वाअठरा अंशांच्या जरा वर आहे. २१ जूनला सूर्य साडेतेवीस अंशांवर असतो, म्हणजे आपल्या उत्तरेला, म्हणून माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते आणि एक मीटरच्या काठीसाठी ती जेमतेम ९ सेंटिमीटर भरते. सूर्य नेमका डोक्यावर येण्याचे दिवस या भागात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस असे दोन असतात. पहिला सुट्टीत जातो, दुसरा ढगांत. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो हे घरीदारी ऐकलेले विधान आपल्या गावात वर्षभरात एकदाही अक्षरशः खरे ठरत नाही, हे कळल्यावर मुलांत जी चर्चा झाली, ती तासिका संपल्यावरही चालू राहिली.

सूर्योदय-सूर्यास्ताच्या नोंदींवरून जून आणि डिसेंबरमधील दिनमानांचे जोडस्तंभालेख काढले गेले. दोन तासांहून अधिक फरक त्या स्तंभांत स्पष्ट दिसला.

भाषेच्या बाईंनी या प्रयोगाचा अहवाल लिहून घेतला. तो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या खेपेला बहुतेकांचे लेखन "सूर्य हा आपला मित्र आहे" अशा वळणाच्या वाक्यांनी सुरू झाले, कारण लिहायचे म्हणजे निबंध, ही सवय पक्की झालेली होती. बाईंनी वह्या परत दिल्या आणि तीन प्रश्न लिहून दिले: काय केले, काय दिसले, जे दिसले त्यावरून काय म्हणता येते. दुसऱ्या खेपेला वाक्ये आखूड झाली आणि आकडे आले. तिसऱ्या खेपेला काही मुलांनी "ढग असल्यामुळे या दिवशीची नोंद खात्रीची नाही" असेही लिहिले. ज्या वयात मुलाला स्वतःच्या निरीक्षणाची मर्यादा लिहिता येते, त्या वयात त्याला ती लिहू दिली पाहिजे.

वज्रगड आणि समोच्च रेषा

जानेवारीत समोच्च रेषांचा पाठ घेतला. अर्धा कापलेला बटाटा, समान जाडीच्या चकत्या आणि प्रत्येक चकतीची कडा कागदावर गिरवणे, हा परिचित प्रयोग झाल्यावर शिक्षकांनी दोन उंचवटे असलेला बटाटा निवडला. वरच्या चकत्यांच्या दोन स्वतंत्र बंद रेषा आल्या आणि खालच्या चकतीची एकच रेषा दोघांना वेढून गेली. दोन शिखरे आणि मधली खिंड नकाशावर कशी ओळखावी, ते मुलांना समजले.

यानंतर शिक्षकांनी पुरंदर-वज्रगडाचा सोपा समोच्च आराखडा फळ्यावर काढला आणि सप्टेंबरमधलाच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मुले खिडकीशी गेली. वज्रगड उंचीने पुरंदरपेक्षा थोडा कमी असला तरी पुरंदरच्या माचीच्या समोर आहे आणि खिंडीपलीकडे अगदी जवळ आहे. म्हणून तो हाती आला की तिथून माचीवर तोफांचा मारा करता येतो, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत मांडले. एप्रिल १६६५ मध्ये वज्रगड पडला, पुढे मुरारबाजी देशपांडे लढताना धारातीर्थी पडले आणि जूनमध्ये तह होऊन २३ किल्ले व वार्षिक चार लक्ष होनांचा मुलूख द्यावा लागला, हा क्रम त्यांना पाठ होताच. आता त्या क्रमाला जमिनीचा आधार मिळाला. एका मुलाने विचारले की, मग दोन किल्ले असे शेजारी असणे फायद्याचे की तोट्याचे. या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही, आणि शिक्षकांनीही ते तयार स्वरूपात दिले नाही.

मुद्दल आणि व्याज

सरळव्याजाचा घटक पुस्तकात बँकेच्या पार्श्वभूमीवर येतो. पुरंदर तालुक्यात अंजीर, सीताफळ आणि वाटाण्याची शेती आहे, आणि पीक कर्ज हा शब्द मुलांनी घरी ऐकलेला असतो. शिक्षकांनी ५०,००० रुपयांवर ७ टक्के दराने एका वर्षाचे व्याज काढायला सांगितले. उत्तर ३,५०० आले. त्यावर एक मुलगा म्हणाला की, त्याच्या घरी वेळेवर भरलेल्या पीक कर्जावर व्याज लागलेच नाही. ते बरोबर होते: केंद्र आणि राज्य यांच्या व्याज सवलतींमुळे मुदतीत परतफेड केलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर शेतकऱ्याला व्याजाचा भार पडत नाही. सूत्राने काढलेले ३,५०० मग कोण भरतो, हा प्रश्न आपोआप आला आणि तासिका गणितातून नागरिकशास्त्रात गेली. राज्याने लोककल्याणासाठी काय करावे हे सांगणारी संविधानातील मार्गदर्शक तत्त्वे, जी तोवर केवळ पाठांतराची बाब होती, तिथे उपयोगाला आली.

सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांनी याला शिवकाळाची जोड दिली. १६७६ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेल्या पत्रात, ज्या शेतकऱ्याकडे बैल, बियाणे किंवा पोटाला धान्य नाही त्याला ते द्यावे आणि वाढ (व्याज) न लावता केवळ मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणे सावकाश वसूल करावे, अशी आज्ञा आहे. मुलांनी तिथल्या तिथे दर शून्य धरून सूत्र लिहिले. "स्वराज्याचा कारभार" हा पाठ पहिल्या सत्रात वाचून झाला होता. शेतकऱ्याविषयीच्या आस्थेची त्यातली वाक्ये राज्याच्या तिजोरीला परवडतील अशी कशी बसवली असतील, याचा विचार मात्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

जे जमले नाही

हवेचा दाब हा घटक विज्ञान आणि भूगोल या दोन्हींत आहे. तो जोडण्याचा प्रयत्न फसला, कारण विज्ञानातला भाग जुलैत उरकला होता, शाळेत वायुदाबमापक नव्हता आणि केवळ आकृत्यांवर दोन शिक्षकांनी एकच गोष्ट पुन्हा सांगितली. मृदेचेही तसेच झाले. पुढच्या वर्षी हे दोन्ही घटक एकाच आठवड्यात घ्यायचे, एवढी नोंद नियोजनात झाली.

गणिताच्या शिक्षकांनी एक आक्षेप ठामपणे नोंदवला, आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. परिमेय संख्यांवरील क्रिया, बैजिक सूत्रे यांसारखे घटक कोणत्याही प्रकल्पात ओढूनताणून बसवू नयेत. त्यांना शांत, सलग सराव लागतो आणि त्यांचे सौंदर्य त्यांच्या आतच आहे. भागाकारात मागे पडलेल्या मुलांना सावलीच्या प्रयोगाने उत्साह दिला, परंतु त्यांचा भागाकार त्यामुळे सुधारला नाही. त्यासाठी परिपाठाआधीची अर्धी तासिका स्वतंत्रपणेच द्यावी लागली. ग्रामीण भारतातील आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते, असे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या 'असर'च्या पाहण्या गेली काही वर्षे सांगत आहेत. विषयांची जोडणी हा त्या दुखण्यावरचा इलाज नव्हे, आणि तसा दावा कोणी करू नये.

मूल्यमापनाचाही पेच होता. सातवीला आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाचा भारांश ४० टक्के आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाचा ६० टक्के आहे, आणि नोंदी विषयवार ठेवाव्या लागतात. सावलीचा अहवाल कोणत्या विषयात धरायचा? अखेर प्रयोग भूगोलात, आलेख व उदाहरण गणितात आणि लेखन मराठीत असे तिघांनी एकाच कामाचे तीन वेगवेगळे निकष ठरवून नोंदवले. नियमांत याला आडकाठी नव्हती. फक्त तिघांना एकत्र बसून एकच वही तीनदा वाचावी लागली, आणि तीन इयत्तांचे तपासकाम अंगावर असताना ते सोपे नव्हते. मार्चमध्ये भूगोलाचा कृषीचा पाठ घाईने संपवावा लागला, हेही सांगितले पाहिजे.

संकलित चाचणीत नकाशाच्या प्रमाणावरचा प्रश्न पुन्हा ठेवला होता आणि या वेळी बहुतेकांनी तो सोडवला. ज्या मुलीने "शिकवलं नाही" असे म्हटले होते, तिने उत्तराच्या कडेला समप्रमाणाची मांडणी लिहिली होती.

आठवीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ स्थानिक वेळ व प्रमाण वेळ हा आहे. जून २०२३ मध्ये हा वर्ग आठवीत गेला तेव्हा शिक्षकांनी तो पाठ पुस्तकाऐवजी २२ डिसेंबरच्या नोंदवहीपासून सुरू केला, आणि नव्या सातवीने त्याच आठवड्यात मैदानात काठी रोवली. या वेळी सावली बारा ते एक या वेळेत दर पाच मिनिटांनी मोजायची, असे वार्षिक नियोजनात आधीच लिहिलेले होते.